डिझेल संपायच्या आत

“तुमच्याकडं परशराम म्हणून मेकॅनिक हाय न्हवं? उद्या त्याला घिऊन ठाण्यात या. स्टिअरिंगचं काम त्यानंच केलतं म्हणं.”

निपाणीकडून हवालदारांचा फोन होता. मी त्या वेळी एका गिऱ्हाइकाला एसी थंड का करत नाही ते समजावत होते. “कुठलं स्टिअरिंग?” असं विचारलं, तर त्यांनी गाडीचा नंबर वाचून दाखवला. ती गाडी आदल्याच आठवड्यात आमच्या वर्कशॉपमधून गेली होती. सोडायच्या आधी टेस्ट राइड मी स्वतः घेतली होती. आता ती कोल्हापूरकडून येताना निपाणीच्या अलीकडं रस्त्याच्या कठड्याला धडकली होती आणि मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी बेळगावात गाड्यांच्या एका वर्कशॉपची सर्व्हिस मॅनेजर आहे. मूळची गुंजीची. घरी शेती, आणि मी पोटापाण्याला ग्रीस-ऑइलात. गिऱ्हाइकांसमोर सगळे मला मॅडम म्हणतात, एरवी आक्का. माझ्या तोंडाला आमच्या शॉपमध्ये सगळे घाबरतात. त्यांनी घाबरावं, असंच मलाही वाटतं.

गाडी होती एका वकीलसाहेबांची. बेळगावातलं जुनं घराणं, कोर्टात मोठं नाव. पुण्याहून आईला घेऊन परत येत होते. तक्रारीत त्यांनी लिहिलं होतं की भरधाव गाडीचं स्टिअरिंग अचानक जाम झालं, ब्रेकही लागला नाही आणि हे सगळं वर्कशॉपच्या निष्काळजीपणामुळं झालं.

आम्ही त्या गाडीचा टाय रॉड एंड बदलला होता. म्हणजे स्टिअरिंगचा दांडा आणि चाक यांना जोडणारा सांधा. तो नटानं आवळायचा आणि नट सुटू नये म्हणून त्यात पिन घालायची. पिन विसरली तर माणूस मरू शकतो. हे काम परशरामनं केलं होतं. जवळच्या काकती गावचा माणूस, हात साफ, स्वभाव थोडा कडकच. फोनचं सांगितल्यावर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“आक्का, पिन घातलीया मी. देवाशप्पत घातलीया. केस झाली तर मला कोण ठिवून घेणार? घरात मी एकटा कमावणारा.”

“आधी गाडी बघू या,” मी म्हणाले. पण खरं सांगते, खात्री मलाही नव्हती. त्या बाईंना झालेल्या दुखापतीला आपण जबाबदार असलो तर, हा विचार काही केल्या जाईना.

हवालदारांनी त्यांचा पंचनामा उरकला आणि माझ्या विनंतीवरून परशरामला ठाण्यात आणायला दोन दिवसांची मुदत दिली. गाडी क्रेनवरून आमच्या आवारात आली. डाव्या बाजूचं तोंड पार चेपलं होतं. मागच्या सीटवर आजींचा चष्मा तसाच पडला होता. तो उचलून मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गाडी लिफ्टवर घेतली.

दोन्ही टाय रॉड एंड घट्ट. दोन्ही पिना जागेवर. डावं चाक वाकलं होतं, ते धडकेनं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतं. ब्रेकचे पॅड चांगले, ऑइल भरलेलं. जाम होण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन लागेना. परत फिरवली, तेच. काट्याकडं बघितलं तर तो तळाला टेकलेला. टाकीला चीर नाही, पाइप फुटलेला नाही, खाली एक थेंब गळालेला नाही. टाकीत नुसता ठणठणगोपाळ!

आता हे थोडं समजून घ्या. या गाडीचं स्टिअरिंग हलकं वाटतं, कारण इंजिनावर चालणारा एक पंप आपल्या हाताला मदत करत असतो. ब्रेकलाही अशीच इंजिनाकडून मदत मिळते. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक पायाला दगडासारखा लागतो. जाम झालेलं काही नसतं, पण चालवणाऱ्याला जाम झाल्यासारखंच वाटतं. मागून ट्रक येत असेल तर विचार करायलाही वेळ मिळत नाही.

म्हणजे परशराम सुटला, असं मला वाटलं. कसला सुटतोय!

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. हाताला बँडेज, डोळे तांबारलेले. रात्रभर दवाखान्यात बसलेले असावेत.

“डिझेल संपलं होतं, साहेब,” मी म्हणाले.

“शक्यच नाही. कोल्हापूर सोडलं तेव्हा स्क्रीनवर सत्तर किलोमीटर दाखवत होतं. तिथून निपाणी चाळीसच्या आसपास. मला वाचता येतं, मॅडम.”

“मग कोल्हापुरातच का न्हाय भरलं?”

“महाराष्ट्रात?” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच खुळी आहे.

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं कर्नाटकात डिझेल थोडं स्वस्त मिळतं. त्यामुळं तिकडून येणारा माणूस टाकी रिकामी करत करत येतो आणि हद्द ओलांडली की भरतो. सीमाभागात भाषेवरून कितीही भांडणं होऊ देत, डिझेलच्या बाबतीत आमचं सगळ्यांचं एकमत आहे.

“बरं, कोगनोळीला तरी भरायचं. महाराष्ट्राची हद्द तिथंच संपते की.”

“तिथं ट्रकांची ही एवढी रांग होती. म्हटलं, निपाणीत आपला नेहमीचा पंप आहे. पण या गाडीचा कॉम्प्युटर खोटारडा आहे! कागलपर्यंत आकडा पस्तिसावर आला. कोगनोळीला वीसच्या खाली. बघता बघता उतरत होता.”

“आणि तुम्ही काय केलं?”

“काय करणार? स्पीड वाढवला. संपायच्या आत पोचायला नको?”

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. म्हणून परत विचारलं, “वाढवला?”

“वाढवला म्हणजे काय, चांगला एकशेतीसवर नेला. तरीपण गाठता आलं नाही.”

हे ते अगदी अभिमानानं सांगत होते. अहो, कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारा माणूस! आई मागं बसलेली, टाकी रिकामी होत आलेली, आणि हा माणूस डिझेल वाचवायला म्हणून ॲक्सिलरेटर दाबतोय.

मग मी त्यांना हळूहळू समजावलं. स्क्रीनवरचा सत्तरचा आकडा म्हणजे टाकीनं दिलेला शब्द नव्हे. गाडी मागचे काही किलोमीटर कशी चालली ते बघून कॉम्प्युटर पुढचा अंदाज बांधतो. पुण्याकडून येताना जागोजागी रस्त्याचं काम, डायव्हर्जन, पुढं ट्रक. साठ-सत्तरच्या वर जाताच येत नव्हतं. त्या चालीनं सत्तर किलोमीटर गेलीही असती. पण कोल्हापूर सुटलं, रस्ता मोकळा मिळाला आणि साहेबांनी चालच बदलली. हायवेला गाडीचं बरंचसं डिझेल वारा कापण्यात जातं. वाऱ्याच्या तोंडाला सायकल मारलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. त्यात यांच्या टपावर कॅरिअर आणि त्यावर आईंची पलंगाची गादी बांधलेली.

“हे सगळं तुम्ही वर्कशॉप वाचवायला सांगताय,” वकीलसाहेब म्हणाले. “माझी आई तिकडं कण्हतीये आणि तुम्ही मला वाऱ्याच्या गोष्टी सांगताय.” ते उठून तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. थोड्या वेळानं त्यांनी मला आत बोलावलं. वकीलसाहेब तिथंच बसले होते. अण्णा खाली बघत म्हणाले, “परशाला थोडं दिवस घरात बसवू या. साहेबांचं समाधान हुईल. पोलिसाचं पुढचं पुढं बघू.”

माझं डोकंच फिरलं. “अण्णा, त्याला घरी बसवलं म्हणजे चूक आपण कबूल केली. ठाण्यात त्याचाच कागद हुईल. टेस्ट राइड मी घेतली हाय, मग मलाबी बसवा. आधी एक अर्धा तास द्या. साहेब, शोरूमला अशीच डेमो गाडी उभी हाय. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि फक्त आकडा बघायचा. माझं खोटं निघालं तर ठाण्यात मी स्वतः परशाला घिऊन येते.”

वकील माणूस, आव्हान कसं सोडणार? आला.

काकतीच्या पुढं हायवेला लागलो. मी ॲव्हरेजचा आकडा शून्य केला आणि ऐंशीवर पाय स्थिर ठेवला. साहेब मान पुढं काढून स्क्रीन बघत होते. आकडा वर चढत गेला आणि लिटरला सतरा किलोमीटरच्या आसपास थांबला. पुढं जाऊन गाडी वळवली.

“आता परत येताना शंभरनं येऊ,” मी म्हणाले.

“थांबा,” साहेब म्हणाले. “येताना चढ असेल. तुम्ही उताराचा फायदा घेतला.”

“बरं. मग ऐंशीनंच परत येऊ. मग शंभरनं जाऊन-येऊन करू. झालं समाधान?”

तसंच केलं. ऐंशीनं जाऊन-येऊन सतरा. शंभरनं जाऊन-येऊन साडेतेरा.

“आता एकशेतीसनं बघू या,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता.

“न्हाय. कायद्यानं शंभरच्या वर जाता येत न्हाय, आणि शेजारी वकील बसलाय. तुमचं तुम्हीच बघा, शंभरला एवढं उतरलं तर एकशेतीसला किती, ते बी टपावर गादी बांधून.”

साहेब स्क्रीनवरून नजर काढून मागं टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, “जरा बाजूला घ्या.” मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी दार उघडलं, पण उतरले नाहीत. एक पाय बाहेर टाकून तसेच बसून राहिले.

“म्हणजे ऐंशीनं आलो असतो तर निपाणी गाठली असती?”

“आरामात. वर थोडं उरलंबी असतं.”

“आई कागलला म्हणाली होती, ‘बाळ, इथंच भरून घे की रे.’ मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतंय, गप्प बस.”

मला त्यांचा इतका राग आला होता, पण ते ऐकून तो कुठल्या कुठं गेला. मी पाण्याची बाटली पुढं केली. नंतर म्हणाले, “साहेब, झालं ते झालं. पण तिथं वर्कशॉपात एक माणूस दोन दिवस जेवलेला न्हाय. त्याचं काय ते आधी करा.”

परत आलो. साहेब सरळ परशराम काम करत होता तिथं गेले. सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले. “परशराम, तुझ्या कामात काही चूक नव्हती. चूक माझी होती,” ते म्हणाले. मोठ्या माणसाला हे सगळ्यांसमोर म्हणणं सोपं नाही. मला वाटलं, आता परशराम हात जोडेल.

कसले हात जोडतोय! हातातला पाना खाली ठेवून तो म्हणाला, “मला काय सांगताय साहेब? मला ठावं हाय मी काय केलतो ते. ठाण्यात सांगा की.”

अण्णांना ठसकाच लागला. पण वकीलसाहेबांनी तिथंच उभं राहून हवालदारांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डिझेल संपून गाडी बंद पडली, वेग माझा होता, वर्कशॉपबद्दलची तक्रार मी मागं घेतो, लेखी उद्या आणून देतो. सगळं सगळ्यांसमोर. मग मी आजींचा चष्मा त्यांच्या हातात दिला. आजींचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. अंगणात मात्र अजून एकट्या उतरत नाहीत.

साहेब गेल्यावर अण्णांनी सगळ्यांना चहा मागवला. परशरामच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. दोन घोट घेऊन तो मला म्हणाला, “आक्का, एक इचारू? त्यात वकीलसाहेबांचं चुकलं कुठं?”

“म्हंजे?”

“न्हाय, काटा खाली गेला की मीबी दाबतोच की. संपायच्या आत पोचाय नको?”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा गंभीर. मी बाकीच्यांकडं बघितलं. पेंटर मान डोलवत होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “व्हय, सगळेच दाबतात.” दिवसभर गाड्यांच्या पोटात हात घालणारी ही माणसं! शेवटी मी अण्णांकडं वळले. अण्णा बशीतला चहा फुंकत म्हणाले, “मीबी दाबतो गं. लहानपणापास्नं.” मी कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथं स्टुलावर बसले.

तेव्हापासून गाडीची डिलिव्हरी देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. काटा खाली गेला की पाय वर घ्या, सत्तर-ऐंशीनं चला आणि पहिला पंप दिसेल तिथं आत वळा, मग तो कुठल्याही राज्यातला असू दे. सगळे माना डोलवतात. चावी घेतात. आणि दारापर्यंत गेलेला एखादा तरी परत येऊन विचारतोच, “पण मॅडम, हळू गेलं आणि वाटेतच संपलं तर?”