भिंतीवरची उष्टी रोटी

समरकंदच्या एका घरात मी तिथल्या सासू-सुनेकडून तंदुरी रोटी शिकत होते. थापलेली रोटी निखाऱ्यांत पडेल, या भीतीने मी ती पुन्हा पुन्हा दाबत होते. सासूबाईंचं लक्ष मात्र भिंतीवरच्या खिळ्याकडे. तिथे एक वाळलेली रोटी टांगली होती, एकच घास तोडलेली.

हिंदी सिनेमे पाहून हिंदी शिकलेली सून म्हणाली, "कामाला परदेशी जाताना नवऱ्याने हा घास घेतला. उरलेली परत येऊन खाईल."

आपल्याकडे उष्टं टाकू नये म्हणतात. इथे उष्ट्याच्या आधाराने वाट पाहतात. फोन वाजला की दोघींचे हात पिठात थबकायचे.

निघताना सासूबाईंनी मी भाजलेली रोटी माझ्यापुढे धरली. मी पुन्हा येणार नव्हते. तरी नाही म्हणवेना. घास गिळेपर्यंत त्या दुसरा खिळा ठोकू लागल्या होत्या.