खडूची खूण

काल टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि बाबांच्या खिशातला खडू आठवला. बाबा फॅक्टरीत तपासणीला होते, पास झालेल्या मालावर खडूने बरोबरची खूण करायचे, आणि निवृत्तीनंतरही खडू खिशातच असायचा. काही वर्षांपूर्वी आमच्या एसयूव्हीला जरा रुंद टायर घालायचं ठरलं, तेव्हा गोहलपुरातला दुकानदार म्हणाला, "मत डलवाइए जी, मोड़ पर अंदर रगड़ेगा. पुराना साइज ही लीजिए." बाहेर येताच बाबा पुटपुटले, "महाग माल सोडून हा स्वस्त काहून देऊन राहिला? जुना स्टॉक खपवायचा असेल." मलाही पटलं. सदर बाजारातला दुसरा दुकानदार मात्र लगेच म्हणाला, "बैठ जाएगा." बसवताना त्याने जुना माल घुसवू नये म्हणून बाबांनी निवडलेल्या चारही टायरांच्या कडेला आधीच खूण करून ठेवली. घरी आल्यावर ते वाकून पाहू लागले. मागच्या टायरांवर खुणा शाबूत होत्या, पुढच्या दोन्ही पुसल्या होत्या. "बघ, बदललेच त्यानं." मी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं, खाली उतरलो आणि चाकावरच्या प्लास्टिकला आतून हात लावला. बोटं पांढरी झाली. बाबा माझ्या बोटांकडे पाहून हळूच म्हणाले, "तो गोहलपूरवाला किती वाजेपर्यंत असतो?" काल त्या टायरच्या दुकानातही मी रुंद साइज सांगताच दुकानदार हसून म्हणाला, "बैठ जाएगा." मी चहाचा भरलेला ग्लास तसाच ठेवला आणि उठलो.