टाकीतली हवा

बारा मार्च. घराच्या पाण्याच्या प्रेशर टाकीतली हवा कमी झाली होती. नळ उघडला की मोटार सारखी चालू-बंद व्हायची. जळायच्या बेतात होती. मोटारी-टाक्या विकणारा दुकानदार म्हणाला, टाकीच बदला. मी जिंतूर स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे हवा भरायचा पंप मागायला गेले, तर तो स्वतःच आला.

टाकीच्या व्हॉल्व्हची पिन त्याने नखाने दाबली आणि बोट निरखलं.

"बोट कोरडं हाय, ताई. पाणी आलं न्हाई, म्हंजे आतला हवेचा फुगा शाबूत हाय. नवी टाकी कशाला?"

मोटार बंद करून त्याने आधी टाकी रिकामी करायला लावली. "पाणी असताना हवा मोजली की खोटं दिसतंय."

मग पंप माझ्याच हातात दिला. "तुमीच मारा. दर खेपेला मला बोलावता का?"

मी हवा भरली आणि मोटारीचं चालू-बंद होणं थांबलं. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानदाराला टाकी नको म्हणून सांगितलं आणि सायकलचा पंप विकत आणला.