बेडकासाठी रडलेली मुलगी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, जिच्याजवळ मी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का तुम्हालाच, ते मला नीट सांगता येणार नाही.

आमच्या घरात माझी एक गोष्ट फार लाडाने सांगितली जाते. पाहुणे आले, चहा झाला, की आई ती हमखास काढते. मी चौथीत असताना गणपतीत सोसायटीच्या मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवला होता. त्यातल्या बेडकासाठी मी इतकी रडले, इतकी रडले, की शेवटी शेजारच्या काकूंनी मला मांडीवर घेतलं. "पहिल्यापासून हळवी आहे हो," असं म्हणून आई माझ्याकडे बघते. मी लाजल्यासारखं करते. त्या लाजण्याचीच आता मला किळस येते.

गेल्या महिन्यात दादाने व्हिडिओ भाड्याने आणला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला दाखवायला म्हणून कुठूनशी त्याच सिनेमाची कॅसेट मिळवली. तुम्ही पाहिला नसेल कदाचित. इंग्रजी आहे, पण भाषा कळली नाही तरी काही अडत नाही. माणसं सगळी खरी, बेडूक तेवढा चितारलेला — हिरवागार, पिवळं जाकीट घातलेला, खऱ्या मुलाच्या खऱ्या खांद्यावर बसणारा. मुलगा त्याला तळ्यावरून घरी घेऊन येतो. घरात मेजवानी चालू असते. बडी बडी माणसं विचारतात, हा कुणाचा? आणि मुलगा मान हलवतो. माझा नाही. बेडूक जाकिटाची बटणं लावतो, पायपुसण्याला पाय पुसतो आणि बाहेर जातो.

इथे माझी भाची रडायला लागली. दादा म्हणाला, "आत्यावर गेलीय." सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

का? सांगते. जरा थांबा — सांगतेच आहे.

मंदा माझ्या वर्गात होती. वाशीत तेव्हा बिल्डिंगा थोड्या आणि चिखल फार. मंदा बाजूच्या गावातली, तिची आई आमच्याकडे कोळंबी घेऊन यायची. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांची भातशेती होती. मैदानाच्या कडेला शेताचा बांध अजून शिल्लक होता, तो तिने मला दाखवला होता — सहज, आपण आपल्या घरातलं कपाट दाखवावं तसा. खाडीच्या चिखलात पाय न रुतवता कसं चालायचं ते मला तिने शिकवलं. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, मागून कशी धरायची तेही. त्या नव्या जागेत मला दुसरी मैत्रीण नव्हती. हे लक्षात असू द्या.

सिनेमाची रीत अशी होती, की वर्गणी देणारे पडद्याच्या पुढे आणि बाकीचे मागे. पडदा म्हणजे नुसतं पांढरं कापड. मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं — उजवा हात डावा व्हायचा. गावातली माणसं, बांधकामावरची माणसं, सगळी मागे बसायची. कुणी तसं लिहून लावलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी मंदाला म्हटलं, तू पुढे ये, मी जागा धरते. मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय?

ती आली. केसांना चापून तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. हातात कागदाची मोठी पुडी — उकडलेल्या शेंगा, अजून गरम. आमच्या सतरंजीवर माझ्या शेजारी बसली. आई आरतीच्या तयारीत होती. जागांची व्यवस्था दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बघत होत्या, त्या आल्या. चिडल्या वगैरे नव्हत्या. नुसतं विचारलं, "ही कुणाबरोबर आलीय गं?"

माझ्याबरोबर, एवढंच म्हणायचं होतं. काकू काय करणार होत्या? फार तर नाक मुरडलं असतं. पण आजूबाजूच्या मुली बघत होत्या — आणि मी म्हटलं, "मला काय माहीत."

मंदा म्हणाली, "हिनीच मना ये म्हनून सांगलंय. जागा धरलीय माझी."

तेवढ्यावर तरी थांबता आलं असतं. नाही थांबले. फ्रॉकचं टोक नाकाला लावलं आणि म्हटलं, "काकू, हिला मासळीचा वास येतोय."

वास येत नव्हता. खोबरेल तेलाचा येत होता, आणि शेंगांचा. मुली हसल्या. मीही हसले. हेही सांगायला हवं — त्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं.

मंदा उठली. चपला हातात घेतल्या, कुणाच्या सतरंजीला पाय लागू नये म्हणून कडेकडेने गेली आणि पडद्याच्या मागे दिसेनाशी झाली.

मग सिनेमा सुरू झाला. मुलाने बेडकाला नाकारलं आणि मी हमसून हमसून रडले. खोटं नाही, अगदी खरं रडले. तुम्हाला वाटेल, पोरीला आपली चूक कळली म्हणून रडली. छे. मंदा माझ्या मनातसुद्धा नव्हती. मला बेडकाची दया येत होती. रंगवलेल्या बेडकाची. कापडाच्या त्या बाजूला तोच सिनेमा उलटा बघत एक जिवंत मुलगी बसली होती, आणि इकडे मी शेजारच्या काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होते, तो मुलगा इतका दुष्ट का आहे?

सिनेमात पुढे तो मुलगा तळ्यावर जातो. बेडूक टुणकन त्याच्या खांद्यावर उडी मारतो आणि सगळे नाचतात. बाथरूममधून परत येऊन ते बघताना मला त्या सिनेमाचाही राग आला. इतकं स्वस्त? मंदा दुसऱ्या दिवशी शाळेत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. सातवीनंतर ती शाळेत दिसलीच नाही. तिचं गाव हाकेच्या अंतरावर, पण मी तिकडे कधी पाऊल टाकलं नाही. तिची आई कोळंबी घेऊन येतच राहिली. तिची हाक आली की मी अभ्यासाचं निमित्त करायचे आणि दार आईला उघडायला लावायचे.

अजून एक राहिलं. ते गाळलं, तर हेही आईच्या गोष्टीसारखंच होईल — हळव्या मुलीचं.

मंदा उठली तेव्हा शेंगांची पुडी सतरंजीवरच राहिली. विसरली की मुद्दाम ठेवली, मला माहीत नाही. सिनेमाभर ती माझ्याजवळ होती. रडत होते तेव्हाही माझा एक हात त्या पुडीत होता. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा, आत दाणे गोड. काकूंनी एक मागितली तरी मी दिली नाही. सगळ्या मी खाल्ल्या.