मशीन थांबल्यावरचा उजेड

माझ्या बाबांची दोन बोटं लेथ मशीनवर गेली, एका मिणमिणत्या बल्बखाली. पुढं घर आईच्या धुण्याभांड्यांवर चाललं. त्या घरातला मी पहिला पदवीधर. म्हणून बोरगाव मेघेच्या वर्कशॉपात नोकरी लागताच मी आधी दिव्यांकडं पाहिलं.

तिथले लेथवाले काका त्या बिनखिडकीच्या शेडमध्येही स्वतःहून दिवा लावत नसत. "काऊन जाळाचा फुकट?" म्हणत चष्मा बनियनला पुसायचे. काच आणखी तेलकट व्हायची. शेवटी मी दिवा मोटरलाच जोडला. मोटर सुरू झाली की दिवा लागणार, थांबली की विझणार. मला माझं कौतुक वाटलं.

आठवड्यानं पाहतो तर काका फिरत्या मशीनला कॅलिपर भिडवून माप घेत होते. मी धावत जाऊन मोटर बंद केली. अंधार झाला.

"काका, चालू मशीनवर माप घेऊन राह्यले? बोटं नको झाले का?"

"बोटं नको झाले का?" प्रश्न आधी परत म्हणायची त्यांची सवय. "मशीन थांबली का तुमचा लाइट जाते, कॉलेजवाले. माप काय उदबत्ती लावून घेऊ?"

"मंग आठ दिवस सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं काऊन नाई? तुमी शिकलेले. मले वाटलं, असन यात काही."

या माणसापुढं डोकं आपटावंसं वाटलं. पण दिवा जोडण्याआधी मीही त्यांना काही विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी दिवा मोटरवरून काढून मशीनच्या मेन स्विचला जोडला. आता मोटर थांबली तरी दिवा चालू राहतो. काका थांबलेल्या मशीनवर माप घेतात. त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत.