संपतच्या बेटावर व्याही

आमच्या भोर तालुक्यात समुद्र नाही. हे शाळेत शिकल्यापासून मला पक्कं ठाऊक आहे. तरीही गेल्या मे महिन्यात मी माझ्या होणाऱ्या व्याह्यांना भोर तालुक्यातल्याच एका बेटावर, डायव्हिंग रिसॉर्टमध्ये मुक्कामाला घेऊन गेलो.

सुरुवात त्यांनीच केली. माझी मुलगी प्राजक्ता पुण्यात नोकरी करते. तिनं आणि तिच्याच ऑफिसातल्या ओंकार शितोळेनं लग्न ठरवून टाकलं होतं; दोन्ही घरांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठी शितोळेसाहेब आणि शितोळेबाई नसरापूरला आमच्याकडे चहाला आले. माझं तिथं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. दुकानाबद्दल मी चार शब्द बोलणार, तेवढ्यात शितोळेबाईंनी मोबाईल काढला. कुठल्याशा लांबच्या समुद्रातल्या चिमुकल्या बेटावर ते दोघं राहून आले होते, त्याचे फोटो. प्रत्येक फोटोत निळं पाणी आणि त्यात तोंडात नळी घातलेल्या शितोळेबाई.

"तिथे काहीच नाहीये," त्या भारावून म्हणाल्या. "रस्ता नाही, नेटवर्क नाही, दुकान नाही, लाइट तर सारखी जाते. इतकं सुख."

(हिर्डोशीच्या वरच्या अंगाला माझी मावशी राहते. तिला हे सगळं सुख जन्मभर मिळालंय. पण हे सुख आहे, असं तिला कोणी सांगितलंच नाही.)

"आपल्याकडच्या लोकांना बेट म्हणजे काय तेच कळत नाही," शितोळेसाहेब म्हणाले. त्या बेटावर ते स्वतः एकदाही पाण्यात उतरले नव्हते. आत्ताही त्यांनी बुडवलं ते फक्त बिस्कीट.

मला ते झोंबलं. "आमच्या मेहुण्याचं आहे की," मी म्हणालो. "आयलंड डाइव्ह रिसॉर्ट. हितंच, धरणात."

माझी बायको सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. ती ज्या नजरेनं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघते, त्या नजरेनं.

तिचं बरोबर होतं, कारण मेहुणा म्हणजे संपत. सुनंदाचा धाकटा भाऊ. त्यानं आळंबी लावली, ती कुजली. ससे पाळले, ते पळाले. मग दिवाळीत धरण तुडुंब भरलेलं असताना त्याला फुगवट्यात एक टेकडी दिसली, चारी बाजूंनी पाणी असलेली. तिच्यावर त्यानं बांबूच्या दोन खोपी बांधल्या, दारात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड उभं केलं आणि पाटी लावली. मला फोनवर म्हणाला, "दाजी, तुमी निर्धास्त या. परदेश विसरतील तुमचं पावनं."

आम्ही सहाजण गेलो. धरणाच्या अलीकडच्या गावात गाड्या लावल्या आणि संपतच्या होडीत बसलो. होडीला मागं डिझेलचं इंजिन होतं. ते इतकं ओरडायचं, की शितोळेबाई अख्ख्या वाटेत काय बोलल्या ते कोणालाच ऐकू आलं नाही. प्रवासातला सगळ्यात रम्य भाग तोच. पाणी आटून बरंच खाली गेलं होतं आणि कडेला सगळीकडे भेगाळलेला गाळ दिसत होता. संपत होडी वळणावळणानं अशी काही लांबून नेत होता, की मला वाटलं तो वाट चुकला.

बेटावर उतरल्यावर शितोळेबाईंनी डायव्हिंगचं विचारलं.

"सूट आलाय, गॉगल आलाय," संपत म्हणाला. "सिलिंडर वाटंत हाय."

बेटावर एकच सिलिंडर होता, आणि त्यावर मटण शिजत होतं.

शितोळेबाईंनी चहाच्या रंगाच्या पाण्याकडे पाहिलं. "व्हिजिबिलिटी कमी वाटतेय," त्या म्हणाल्या.

"हितं बघायला कमी, पर फील लई हाय," संपत म्हणाला. माणूस कशातच टिकला नाही, पण जिभेत कधी कमी पडला नाही.

खोपींच्या मागं बांबूचा उंच तट्ट्या होता. त्यावर पाटी: 'पुढे खोल पाणी. जाऊ नये.' शितोळेसाहेबांनी त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

इथवर सगळं ठीक होतं, म्हणजे मी गप्प होतो. पण होडीतून येताना इंजिन मधेमधे आचके देत होतं आणि शितोळेसाहेबांनी ते हेरलं होतं. "तुमचं दुकान मोटारींचंच ना?" असं त्यांनी हसत विचारलं. त्या हसण्याला उत्तर म्हणून मी पाना मागून घेतला. ओंकार म्हणाला, "काका, राहू द्या ना." मी राहू दिलं नाही. इंजिनाचं झाकण काढलं, आतली एक पितळी नळी मोकळी केली आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून उंच धरली. ती हातातून निसटली आणि धरणात गेली. आमच्या डायव्हिंग रिसॉर्टमध्ये त्या दिवशी खोल पाण्यात गेलेली ती एकच वस्तू.

संपत डोकं धरून खाली बसला. "आता हो?" शितोळेबाई म्हणाल्या.

"आता अस्सल बेट झालं," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

दुपारी जेवण झालं. शितोळेसाहेबांनी मटणाच्या रश्श्याची एकच वाटी घेईन असं सांगितलं आणि मग मोजणं सोडून दिलं. नाचणीच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत त्यांनी टोपली संपवली. त्यानंतर ते बाजेवर टेकले, आणि थोड्या वेळानं त्यांनी छातीवर हात ठेवला. अंगाला दरदरून घाम. चेहरा पांढरा.

"आई, बाबांना काहीतरी होतंय," ओंकार म्हणाला. मोबाईलला रेंज नव्हती. इंजिन मी मारून ठेवलेलं. शितोळेबाई नवऱ्याचे तळवे चोळत रडायला लागल्या, आणि मघापासून त्यांच्यावर चिडलेला मी एकदम गार पडलो. आपल्यामुळे माणूस जातोय. पोरीचं लग्न राहिलं बाजूला, तिच्या सासऱ्याला आपण हौसेनं इथं आणून मारलं.

"मी पलीकडं जातो. डॉक्टर आणतो," मी म्हणालो.

"पोहत?" प्राजक्तानं विचारलं. "बाबा, तुम्ही विहिरीच्या बाहेर कधी पोहलाय?"

पण मी आता कोणाचं ऐकणार नव्हतो. ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब होती, ती घेतली. आणि (याचं कारण मला आजतागायत सांगता आलेलं नाही) तो काळा रबरी सूट अंगावर चढवला. सूट माझ्या मापाचा नव्हता. संपतनं आणि ओंकारनं मला दोन्हीकडून ओढून त्यात कोंबलं. संपत तोंड उघडून काहीतरी सांगू बघत होता. "दाजी, ऐका तर, तसं न्हाई..." "बाजूला हो," मी म्हणालो, आणि पाण्यात शिरलो.

काठावरून मला निरोप देणाऱ्या माणसांत सुनंदा नव्हती. ती वर उभी राहून संपतकडे बघत होती.

पुढचं मला नंतर प्राजक्तानं सांगितलं. मी थोडा लांब गेल्यावर सुनंदानं भावाचा दंड धरला.

"संपत, मटण ताजं व्हतं. बर्फ व्हता. दह्याची बरणी बी गार व्हती. होडीतनं आपल्यासंगं यातलं कायच आलं न्हाई. मग कुठनं आलं?"

संपत दारातल्या प्लॅस्टिकच्या नारळाकडे बघायला लागला.

"तो मानूस मरंल हितं. बोल."

संपतनं मान खाली घालून बांबूचा तट्ट्या बाजूला केला. मागं खोल पाणी नव्हतं, उथळही नव्हतं. पाणी उतरल्यावर टेकडीची मागची सोंड उघडी पडली होती, तिच्यावरून लाल मातीचा रस्ता थेट गावाच्या डांबरीला जात होता, आणि रस्त्याच्या तोंडाशी संपतचा टेम्पो उभा होता. उन्हाळ्यात बेट जमिनीला चिकटलं होतं आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून हा माणूस सगळ्यांना होडीतून गोल फिरवून आणत होता.

सुनंदानं भावाला शिव्या देण्यात वेळ घालवला नाही. शितोळेसाहेबांना टेम्पोत आडवं केलं, डोकं शितोळेबाईंच्या मांडीवर दिलं, ओंकार-प्राजक्ताला मागं चढवलं आणि संपतला म्हणाली, "चल भोरला. खड्डं चुकवून."

"आणि दाजी?"

"ते पोहत्यात तंवर बरं हाय."

मी पोहत नव्हतो. वारा सुटला होता आणि ट्यूब त्याला वाटेल तिकडे चालली होती. बरंच पाणी माझ्या पोटात गेलं. शेवटी पाय जमिनीला लागले म्हणून मी उभा राहिलो, तर मांड्यांपर्यंत गाळात रुतलो. काठावर म्हशी धुवायला आलेले एक म्हातारेबुवा आणि त्यांची सून उभे होते.

"मामंजी, कायतरी काळं आलंय वर," सून म्हणाली.

"म्हस न्हवं आपली?"

"न्हाई. बोलतंय ते."

मी हात हलवून ओरडलो, की बेटावर माणूस मरतोय, पटकन डॉक्टर पाठवा.

"कंच्या बेटावर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"संपतच्या."

"त्याला बेट कवापासनं म्हनाया लागलं?" म्हातारा म्हणाला. "तिकडं तर टेम्पो जातूय. आत्ताच गेला की भोरला, भरून."

मी तिथंच गाळात बसलो असतो, पण बसायला जागा नव्हती. म्हशीचं दावं काखेतून घालून त्या दोघांनी मला उपसून काढलं, आणि त्यांच्या पुतण्याच्या मोटारसायकलवर, त्या काळ्या सुटात, मी भोरच्या बाजारातून दवाखान्यात गेलो. बाजाराचा दिवस होता.

डॉक्टरांनी सूट काढायचा प्रयत्न केला. नर्सबाईंनी केला. मग कात्री आणली. आत माझा रंग बघून त्यांनी मला आडवं केलं आणि सलाइन लावलं.

शेजारच्या खाटेवर शितोळेसाहेब मांडी घालून बसले होते. हृदयाला काहीही झालं नव्हतं. गॅस होता. डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि त्याआधी टेम्पोनं खाल्लेले खड्डे, दोन्हींचा गुण आला होता. ते समाधानानं ढेकर देत होते. शितोळेबाई हातात केळ्यांचा घड घेऊन माझ्याच पायथ्याशी उभ्या होत्या. पेशंटला भेटायला आल्यासारख्या.

खोलीत सुनंदा होती, पोरं होती. दारात संपत उभा होता, आत यायचं धाडस न करता. शितोळेसाहेबांनी बायकोकडे बघितलं, बाईंनी मान हलवली, आणि साहेब घसा साफ करून सुनंदाला म्हणाले,

"वहिनी, मुलगी आम्हाला पसंत आहे. वडिलांचं आम्ही चालवून घेऊ."