चाफ्याला एक कळशी

तार आली तेव्हा मी परसात गवारीच्या शेंगा तोडत होते. थोरल्या जाऊबाई बेळगावला लेकीकडे औषधपाण्यासाठी गेल्या होत्या, भावजीही बरोबर होते. आमच्या ह्यांनी तार वाचली आणि नुसतंच म्हणाले, "वहिनी गेल्या." मी ओच्यातल्या शेंगा सांडू न देता खाली बसले... एवढंच आठवतं. त्याला आता दीड महिना होईल.

जाऊबाई रत्नागिरीकडच्या, मी इथल्याच सोलापूरकडच्या दुधनीची. दोघे भाऊ सोलापुरात गिरणीच्या कचेरीत कामाला, म्हणून आम्ही दोघी एका घरात आलो. मी आले त्या उन्हाळ्यात त्या परसातल्या काळ्या जमिनीच्या भेगांकडे बघत बसायच्या. "आमच्याकडे दगडावरसुद्धा हिरवं धरतं गो," म्हणायच्या. मला हसू यायचं. वाळलेली जमीन बघून वाईट वाटायचं असतं, हे मला माहेरी कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी लावायचं मात्र सोडलं नाही. अळू लावला, तो करपला. अबोलीवर मावा पडला, ती राख मारून वाचवली. एकदा शेजारच्या विणकरबाईंच्या शेळीनं कुंपणातून मान घालून वालाचा अख्खा वेल ओरबाडला. त्या बाई तेलुगूत बोलत होत्या, या आपल्या कोकणी हेलात, आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई मूठभर अंबाडीचं बी घेऊन आल्या. त्या वर्षी अंबाडी इतकी माजली की जाऊबाई आल्यागेल्याला जुड्या वाटत होत्या.

त्यांचा खरा जीव होता तो सोनचाफ्यावर. आईच्या अंगणातल्या झाडाचं कलम त्यांच्या भावानं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणून दिलं होतं. दोन उन्हाळे त्यांनी ते चटईच्या आडोशाला जगवलं. तिसऱ्या वैशाखात आई फार आजारी असल्याचं पत्र आलं. निघताना त्या मला म्हणाल्या, "अंबू, रोज संध्याकाळी चाफ्याला एक कळशी घाल हो. दुसरं काही सांगत नाही."

आडाचं पाणी तेव्हा तळाला गेलं होतं. माझी वांगी नुकती फुलावर आली होती. पहिले काही दिवस मी चाफ्याला कळशी घातली. मग एका संध्याकाळी ती वांग्यांना घातली, दुसऱ्या दिवशीही घातली. फुलापेक्षा भाजी बरी, असं मनाशी म्हणत होते. पण खरं सांगायचं तर घरात सगळे जाऊबाईंच्या हाताचं कौतुक करायचे आणि ते मला सलायचं... चाफ्याची पानं कडेनं तपकिरी झालेली मी रोज बघत होते.

त्या महिन्यानं परत आल्या. आई गेली होती. हातपाय धुऊन त्या थेट परसात गेल्या. मी मागं उभी राहून म्हटलं, "ऊन लई व्हतं जाऊबाई, त्यानं गेलं." त्यांनी वाळलेली काडी नखानं खरवडून बघितली. मग माझ्या वांग्यांकडे बघितलं. ती हिरवीगार होती. संध्याकाळी त्यांनी त्याच वांग्यांची भरली भाजी केली आणि पहिलं वांगं माझ्या ताटात वाढलं.

पुढं आम्ही परस दोघींनी मिळून केलं. न्हाणीच्या पाण्यावर केळ लावली, बांधाला शेवगा. इथं काय तगतं ते मी सांगायची, त्या ऐकायच्या. चाफ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, भावाकडून दुसरं कलमही मागवलं नाही.

बेळगावला जायच्या दिवशी टांगा दारात उभा होता. मी त्यांचं गाठोडं बांधत होते. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "जाऊबाई, त्या चाफ्याचं..."

"ठाऊक होतं गो मला. त्याच दिवशी."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलले असते तर तू परसात पाऊल टाकलं नसतंस. मग मी कुणाशी बोलले असते?"

एवढं बोलून त्या टांग्यात बसल्या.

त्यांना एक सवय होती. नवं फूल दिसलं की आधी मला हाक मारायची. माझी भाकरी तव्यावर असली तरी तशीच उठवायच्या. परवा तिन्हीसांजेला दोडक्याच्या वेलावर पहिलं पिवळं फूल उमललेलं दिसलं आणि मी घराकडे तोंड करून हाक मारली, "जाऊबाई, या की बघायला." हाक तोंडातून गेल्यावर लक्षात आलं. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि बेळगावहून एकटेच परतलेले भावजी बाहेर आले. इतक्या वर्षांत त्यांनी परसात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि मीही त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. ते चाचपडत वेलापाशी आले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "कुठं आहे?"

मी बोट करून दाखवलं. अंधार पडेपर्यंत ते तिथंच उभे होते.